ज्या गाण्याची हुर्यो उडाली

रविवार, २९ सप्टेंबर १९६८. रिओ दि जानेरोतल्या माराकानाझिन्यो या बंदिस्त स्टेडियममध्ये तुम्ही दाटीवाटीने बसला आहात. आंतरराष्ट्रीय गीत महोत्सवाच्या ब्राझीलपुरत्या फेरीचा आज निकाल. शेजारची मुलगी कॉलेजात शिकते. मार्चमध्ये पोलीस विद्यार्थ्यांच्या खाणावळीत घुसले, गोळी सुटली आणि एदसन लुईस हा अठरा वर्षांचा पोरगा गेला. जूनमध्ये याच शहरात लाखभर लोकांचा मोर्चा निघाला. त्यात तीही चालली होती. “लष्कराला सत्तेवर येऊन चार वर्षं झाली,” ती म्हणते, “आता फार दिवस नाही टिकायचे.” तुम्ही गप्प राहता. लष्कर १९८५ साली जाणार, हे तुम्हाला ठाऊक आहे.

जेराल्दो वान्द्रे मंचावर येतो. पाराइबाचा, तेहतीस वर्षांचा. मागे वाद्यवृंद नाही, हातात फक्त गिटार. ‘कामिन्यांदो’ सुरू होतं. दोनच कॉर्ड आलटूनपालटून वाजतात, त्यामुळे दुसऱ्या कडव्यापर्यंत चाल तुमच्या तोंडी बसलेली असते. शाळांतली, शेतांतली, बांधकामांवरची माणसं गाण्यात एकत्र चालू लागतात. मग बराकीतले सैनिक येतात, देशासाठी मरायचं एवढंच शिकवलेले. इथे शेजारीण तुमचा दंड घट्ट धरते. ध्रुपद आता सगळं स्टेडियम गातं.

निकाल लागतो. वान्द्रे दुसरा. पहिलं ‘साबिया’, एका पाखराच्या नावाचं: तोम जोबिमची चाल, शिको बुआर्केचे शब्द. एकच गिल्ला होतो. गोळ्या चालताहेत आणि यांना पाखराचं गाणं सुचतंय! वान्द्रे स्वतः माइकवर येऊन सांगतो की जोबिम आणि शिको यांचा मान राखा, आयुष्य म्हणजे काही फक्त महोत्सव नव्हे. कुणी ऐकत नाही. सिनारा आणि सिबेले या बहिणी त्या गदारोळातच गातात.

तुम्ही कान देऊन ऐका. हे गाणं पाखरापाशी थांबत नाही. आपल्या मुलखात मी परत जाणारच, असं ते बजावतं.

शेजारीण तोंडात बोटं घालून शिट्टी मारते आहे. तिला १३ डिसेंबर माहीत नाही. त्या दिवशी ‘संस्थात्मक अधिनियम क्रमांक ५’ निघेल, संसदेला टाळं लागेल, राजकीय कैद्याला कोर्टात दादही मागता येणार नाही. दोन आठवड्यांत गायक कायेतानो वेलोझो आणि जिल्बेर्तो जिल तुरुंगात जातील, पुढे लंडनला. शिको इटलीत राहील. वान्द्रे लपतछपत चिली गाठेल. ‘कामिन्यांदो’वर बंदी येईल; ती उठल्यावर १९७९मध्ये सिमोन ते गाईल आणि लोक पुन्हा तिच्यामागे गातील.

रस्त्यावर उतरणाऱ्यांना वान्द्रेचं गाणं पुरेल. पण चिलीत बसलेल्या वान्द्रेला मात्र आज हुर्यो उडालेलं हे दुसरं गाणं लागणार आहे.