नाताळचे काचेचे गोळे हाताने कसे रंगवतात? चमक आतून, रंग बाहेरून

ख्रिसमस ट्रीवर लटकणारा लाल चकचकीत गोळा पाहिला की त्याला बाहेरून चमकदार रंग दिला असावा, असं वाटतं. प्रत्यक्षात पारंपरिक गोळ्याची चमक काचेच्या आतून येते आणि बाहेर असतो तो फक्त रंग. या कलेचं मूळ जर्मनीतल्या थुरिंगिया प्रांतातल्या लाउशा या डोंगराळ गावात सापडतं.

लाउशात काचेची भट्टी १५९७ मध्ये सुरू झाली. झाडावर टांगायचे काचेचे गोळे मात्र १९व्या शतकाच्या मध्याचे. सफरचंद आणि अक्रोड विकत घ्यायला पैसे नव्हते म्हणून एका गरीब कारागिराने ते काचेचे फुंकून घेतले, अशी एक गोष्ट सांगितली जाते. गोष्ट गोड आहे, पण ती दंतकथाच समजावी. १८६७ मध्ये गावात गॅसचा कारखाना आला. गॅसची ज्योत हवी तशी कमी-जास्त करता येऊ लागली आणि मोठे, पातळ गोळे फुंकणं सोपं झालं.

रंगवण्याआधी काय होतं?

काचेची नळी ज्योतीवर तापवून फुंकली जाते. फळ किंवा पक्षी हवा असेल तर ती साच्यात फुंकतात. नळीचा एक लांब दांडा मुद्दाम ठेवला जातो. पुढची सगळी कामं या दांड्याला धरूनच होतात.

मग दांड्यातून सिल्व्हर नायट्रेटचं द्रावण आत सोडतात. गोळा कोमट पाण्यात धरून हलवला की आतल्या बाजूला चांदीचा पातळ थर बसतो. ही युक्ती मुळात आरशांसाठीची, रसायनशास्त्रज्ञ युस्टुस फॉन लीबिग यांची. म्हणजे प्रत्येक गोळा हा एक गोल आरसाच असतो.

वाळल्यावर तो रंगीत लॅकरमध्ये बुडवतात आणि दांडा खिळ्यांच्या फळीवर खोचून सुकवतात. त्यानंतर कुंचला येतो. काच रंग शोषत नाही, त्यामुळे पहिला हात पूर्ण सुकल्याशिवाय दुसरा दिला तर रंग ओघळतो. वक्र पृष्ठभागावर सरळ रेषही वाकडी दिसते, म्हणून अनेकदा कुंचला स्थिर ठेवून गोळाच फिरवतात. चकाकी हवी तिथे डिंक लावून चमकी भुरभुरतात. शेवटी दांडा कापून धातूची टोपी बसवली जाते.

हे काम कोण करायचं?

लाउशात हा घरगुती धंदा होता. साधारणपणे पुरुष काच फुंकायचे आणि बायका-मुलं चांदी चढवणं, रंगवणं, दांडे कापणं ही कामं करायची. तयार माल टोपल्यांत भरून बायका सोनेबर्गच्या व्यापाऱ्यांकडे पोहोचवायच्या. १८८०च्या सुमारास अमेरिकी दुकानदार एफ. डब्ल्यू. वूलवर्थ यांनी हे गोळे विकायला घेतले आणि मागणी प्रचंड वाढली. स्वस्त दुकानातल्या त्या वस्तूमागे घरातल्या मुलांचीही मेहनत होती. नाताळच्या जाहिरातींत हे सहसा येत नाही.

१९३९ मध्ये अमेरिकेच्या कॉर्निंग कंपनीने दिव्यांचे बल्ब बनवणाऱ्या यंत्रावर गोळे काढायला सुरुवात केली. युद्धकाळात धातूंची टंचाई झाली तेव्हा आतली चांदीच गेली. पारदर्शक काचेवर फक्त रंगीत पट्टे ओढलेले गोळे बाजारात आले.

विकत घेताना काय पाहावं?

‘हाताने रंगवलेला’ म्हणजे ‘हाताने फुंकलेला’ नव्हे. यंत्रावर काढलेल्या गोळ्यावरही हाताने रंगकाम होतं, त्यामुळे लेबल नीट वाचावं. एकाच नक्षीचे दोन गोळे शेजारी धरा. हातकामात फटकारे थोडे वेगळे दिसतात आणि बोटाला किंचित उंचवटा जाणवतो. छापील नक्षी हुबेहूब सारखी असते. असे गोळे युरोपबाहेरही बनतात. बांगड्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या आपल्या फिरोजाबादमधूनही नाताळची काचेची सजावट निर्यात होते.

जुने गोळे पाण्याने धुवू नयेत, रंग निघू शकतो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकणं पुरेसं आहे. वसई किंवा गोव्यासारख्या दमट हवेत ते पावसाळाभर ठेवायचे असतील तर प्रत्येक गोळा कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवावा. टोपीच्या फटीतून ओल आत शिरली तर चांदी काळवंडते, आणि आतला डाग बाहेरून पुसता येत नाही.