साक्षरता स्वयंसेवक

साक्षरता स्वयंसेवक : निरक्षर प्रौढांना मोबदला न घेता लिहायला, वाचायला आणि हिशेब करायला शिकवणारी व्यक्ती. भारतातले प्रौढ शिक्षण मुख्यतः अशा माणसांच्या बळावर चालले आहे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी काढलेली रात्रशाळा हा महाराष्ट्रातला आरंभ मानतात.

१९५९ मध्ये सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. सुट्या माणसांनी वर्गाला येण्याऐवजी सबंध गावाने साक्षर व्हायचे, ही तिची कल्पना. प्राथमिक शिक्षक आणि गावातले शिकलेले लोक विनावेतन वर्ग घेत. विळ्या-खुरप्याला सरावलेल्या बोटांत पाटीवरची पेन्सिल लवकर बसत नाही. जोर जास्त पडतो, ती मोडते. मग शिकवणारा हातावर हात ठेवून अक्षर गिरवून घेतो. वयाने वडील असलेल्या माणसाचा हात असा धरायचा, तर त्याचा मान सांभाळावा लागतो, आणि ओळखीच्या गावकऱ्याला ते परक्यापेक्षा चांगले जमते. गाव साक्षर झाले की ग्रामगौरव समारंभ होई. पण समारंभानंतर हाती पुस्तक आले नाही, तिथे शिकलेली अक्षरे पुसली गेली.

राष्ट्रीय साक्षरता मिशन १९८८ मध्ये स्थापन झाले. पुढच्याच वर्षी केरळमधील एर्नाकुलम जिल्ह्यात प्रशासन आणि केरळ शास्त्र साहित्य परिषद यांनी मिळून मोहीम उभारली. स्वयंसेवकांनी घरोघर जाऊन निरक्षरांची नोंद केली, कलापथकांनी गावोगाव प्रयोग केले आणि सुमारे २०,००० स्वयंसेवकांनी शिकवले. अनेक वयस्कांची खरी अडचण अधू नजरेची होती. त्यांच्यासाठी हजारो चष्मे मिळवण्यात आले. ४ फेब्रुवारी १९९० रोजी एर्नाकुलम हा देशातला पहिला संपूर्ण साक्षर जिल्हा जाहीर झाला आणि तीच पद्धत इतर जिल्ह्यांनी उचलली.

स्वयंसेवक विनामूल्य मिळतो, म्हणून सरकारने बाकीच्या खर्चातून अंग काढून घेणे हा त्याच्यावर आणि नवसाक्षरावर अन्याय आहे. प्रशिक्षण, वाचनपुस्तिका, वर्ग संपल्यावरचे वाचनालय यांना पैसा लागतोच. सुगीत वर्ग ओस पडतो, तेव्हा पुन्हा घरोघर जाऊन माणसे गोळा करण्याची चिकाटी मात्र पैशाने मिळत नाही; ती स्वयंसेवकच आणतो. शिवाय शिकवणाऱ्या तरुणाला आपल्याच गावातली कर्जाची, रेशनची, दवाखान्याची दुखणी पहिल्यांदा जवळून दिसतात. हे त्याचेही शिक्षणच.

२०२२ पासून राबवल्या जाणाऱ्या नवभारत साक्षरता कार्यक्रमाचा (उल्लास) आधारही स्वयंसेवकच आहे. पंधरा वर्षांवरील कोणाही निरक्षराला त्यात शिकता येते. आपल्या घरात, शेजारात असे कोणी असेल, तर त्यांचे नाव नोंदवावे आणि शिकवायला आपण बसावे.