'रॉक मशीन' ते 'इंडस क्रीड' : बदलत्या सुरांचा प्रवास

मुंबईतील 'इंडस क्रीड' या रॉक बँडचा 'इव्हॉल्व्ह' हा अल्बम २०१२ साली प्रकाशित झाला. आधीच्या अल्बमनंतर तब्बल १७ वर्षांनी आलेल्या या अल्बममध्ये बँडने आपल्या मूळच्या हार्ड रॉक शैलीपासून बरीच फारकत घेतली.

हा बँड १९८४ साली 'रॉक मशीन' या नावाने स्थापन झाला. त्या काळी धोबी तलाव येथील रंगभवनात जमणाऱ्या रॉकप्रेमींना परदेशी बँडची गाजलेली गाणी हुबेहूब ऐकायची असत. अशा श्रोत्यांपुढे स्वतः रचलेली इंग्रजी गीते सादर करणे हे धाडसच होते. तरीही 'रॉक एन रोल रेनिगेड' (१९८८) आणि 'द सेकंड कमिंग' (१९९०) या अल्बमनी बँडला देशभर ओळख मिळवून दिली. गिटारचे ठाशीव स्वरबंध, ड्रमचा जोरकस ठेका आणि चढ्या पट्टीतील गायन ही त्या संगीताची वैशिष्ट्ये होती.

लोकप्रियता मिळाल्यानंतर, १९९३ साली, बँडने हे नावच सोडले. रुळलेले नाव टाकून देणे कोणत्याही कलावंताला सहसा परवडत नाही. मात्र 'रॉक मशीन' या नावाने एकाच प्रकारच्या संगीताची अपेक्षा निर्माण होत होती. सिंधू नदीची आठवण करून देणाऱ्या नव्या नावाने १९९५ साली अल्बम निघाला. त्यात आवाजाच्या दणक्यापेक्षा सुरावटीला अधिक वाव होता. १९९७ साली बँड विसर्जित झाला. गायक उदय बेनेगल आणि गिटारवादक जयेश गांधी यांनी पुढे न्यूयॉर्कमध्ये 'आम्स फॉर शांती' हा बँड चालवला व त्यात भारतीय संगीताचा मेळ घातला.

२०१० साली बेनेगल, गिटारवादक महेश तिनईकर आणि कीबोर्डवादक झुबिन बालापोरिया पुन्हा एकत्र आले. रुशाद मिस्त्री (बास गिटार) आणि जय रावकवी (ड्रम) हे तरुण वादक त्यांना येऊन मिळाले. 'इव्हॉल्व्ह'मधील गीते प्रोग्रेसिव्ह रॉककडे झुकणारी आहेत. गीताच्या ओघात ठेका व भाव बदलतात आणि कीबोर्डला गिटारच्या बरोबरीचे स्थान मिळते. 'पर्ल जॅम' या अमेरिकी बँडच्या 'टेन' या अल्बमचे ध्वनिमिश्रण करणारे टिम पामर यांनीच याही अल्बमचे ध्वनिमिश्रण केले. रंगभवनातील जुन्या श्रोत्यांना यात 'रॉक मशीन'चा दणदणाट शोधून सापडणार नाही. तिनईकरांची गिटार मात्र त्यांना लगेच ओळखू येईल.