झोंपडीखालची जमीन

तलासरी तालुक्यांतील अच्छाड हें महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरचें गांव. या मुलखांतील वारल्याचें जुनें घर म्हणजे कारवीचा कूड व त्यावर शेणमातीचा लेप. कूड त्याचा, जमीन मात्र बहुधा सावकाराची. लग्नाच्या कर्जापायीं ‘लग्नगडी’ झालेल्या माणसास वेठ नाकारतांना झोंपडीचीच धास्ती वाटे.

आज याच तालुक्यांत असलेल्या झरी येथें २३ मे १९४५ रोजीं परिषद भरली, आणि वारल्यांनीं वेठ नाकारली. पुढें १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट कायद्यानें, कुळानें स्वखर्चानें बांधलेल्या घरांतून त्यास काढण्यास मनाई केली. जमीनदार ती जागा विकूं लागल्यास खरेदीचा पहिला हक्क कुळास दिला.

नोव्हेंबर २०१८ पासून या टापूस भूकंपाचे धक्के बसूं लागले. धक्क्यानें पडलेला कूड पुन्हां उभारतां येतो. पण पायाखालची जागा आपली असेल तरच.