गणिताची पदवी : कर्जत-खालापूरच्या विद्यार्थ्यांपुढील वाटा

बारावीचा निकाल लागला, की कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्यांपुढे प्रामुख्याने दोनच नावे येतात : अभियांत्रिकी आणि वैद्यकीय. या दोन्हींत प्रवेश मिळाला नाही, तर बी.एस्सी.; आणि त्यातही गणित घेणारा पुढे शिक्षकच होणार, असा समज रूढ आहे. प्रत्यक्षात विमा, बँकिंग, संगणक, शासकीय सांख्यिकी सेवा, कृषी संशोधन अशी अनेक क्षेत्रे गणिताच्या पदवीधरांना खुली आहेत. मात्र यांपैकी प्रत्येक क्षेत्राची पात्रता वेगळी असून तिचा पाया अकरावीतच घातला जातो.

अकरावीतील निर्णय

वैद्यकीय प्रवेशाच्या आशेने अनेक विद्यार्थी अकरावीला जीवशास्त्र घेऊन गणित सोडतात. त्यामुळे अभियांत्रिकी, भारतीय सांख्यिकी संस्थेचे पदवी अभ्यासक्रम आणि गणितातील पदवी या वाटा एकाच वेळी बंद होतात. जीवशास्त्र आणि गणित हे दोन्ही विषय घेण्याची सोय असते. अभ्यासाचा भार वाढला, तरी निर्णयास दोन वर्षे मिळतात. वाणिज्य शाखेतही गणित घेता येते आणि विमागणितासाठी ते उपयोगी पडते.

पदवीला काय शिकतात?

बारावीपर्यंतचे गणित मुख्यतः उत्तर काढण्याचे असते. पदवीला कलन, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे, विश्लेषण, अमूर्त बीजगणित असे विषय येतात आणि भर सिद्धतेवर असतो. एखादे विधान सत्य का आहे, हे पायरीपायरीने दाखवावे लागते. बारावीत उत्तम गुण मिळवणारे काही विद्यार्थी पहिल्याच वर्षी गोंधळतात, ते या बदलामुळे. गणिताच्या जोडीला संख्याशास्त्र किंवा संगणकशास्त्र घेतल्यास नोकरीच्या संधी लक्षणीय वाढतात.

कर्जत आणि खोपोली येथे मुंबई विद्यापीठाशी संलग्न महाविद्यालये आहेत. प्रवेश घेण्यापूर्वी तेथे गणित हा मुख्य विषय म्हणून अंतिम वर्षापर्यंत उपलब्ध आहे काय, याची चौकशी अवश्य करावी.

भाताच्या शेतातले गणित

गणिताचा उपयोग पाहण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. कर्जत येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे प्रादेशिक कृषी संशोधन केंद्र असून ‘कर्जत-३’, ‘कर्जत-७’ यांसारख्या भाताच्या जाती तेथील होत. नव्या जातीचे उत्पन्न खरोखर जास्त आहे, की त्या वाफ्यातील जमीनच अधिक कसदार होती, हे ठरवण्यासाठी प्रयोगाची आखणी संख्याशास्त्राने करावी लागते. या विषयावरील पां. वा. सुखात्मे आणि वि. गो. पानसे यांचा ग्रंथ भारतीय कृषी संशोधकांच्या अनेक पिढ्यांनी वापरला आहे.

अशा आखणीत ‘लॅटिन चौरस’ वापरतात : प्रत्येक जात प्रत्येक ओळीत आणि प्रत्येक स्तंभात एकदाच येते. या चौरसांविषयी ऑयलर या थोर गणितज्ञाने अठराव्या शतकात मांडलेला एक अंदाज चुकीचा असल्याचे १९५९ मध्ये सिद्ध झाले. ते सिद्ध करणाऱ्या तिघांपैकी एक होते शरदचंद्र श्रीखंडे. त्यांनी पुढे मुंबई विद्यापीठाच्या गणित विभागाची धुरा सांभाळली.

मध्य रेल्वेच्या मार्गावर

कर्जतहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस सुमारे १०० किलोमीटर असून जलद लोकलने साधारण दोन तास लागतात. खोपोलीकरांना गाड्या कमी आणि अंतर अधिक. रोजचे चार-पाच तास प्रवासात गेले, तर गणितासारख्या सरावाच्या विषयाला वेळ उरणे कठीण. म्हणून पदवी जवळच्या महाविद्यालयात आणि पदव्युत्तर शिक्षण वसतिगृहात राहून, हा क्रम अनेकांना सोयीचा ठरू शकतो.

देशातील काही नामवंत संस्था मात्र याच लोहमार्गालगत आहेत. पवईच्या आयआयटीसाठी कांजूरमार्ग, तर कालिना येथील विद्यापीठाच्या गणित विभागासाठी कुर्ला स्थानक सोयीचे आहे. कालिना परिसरातीलच मूलभूत विज्ञान उत्कृष्टता केंद्रात बारावीनंतर ‘नेस्ट’ परीक्षेद्वारे पाच वर्षांच्या एकात्मिक एम.एस्सी.ला प्रवेश मिळतो. आयआयटीतील एम.एस्सी.साठी पदवीच्या शेवटच्या वर्षी ‘जॅम’ परीक्षा देता येते. कुलाब्याची टाटा मूलभूत संशोधन संस्था संशोधनासाठी स्वतंत्र प्रवेश परीक्षा घेते. मानखुर्दचे होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र शालेय विद्यार्थ्यांच्या गणित ऑलिम्पियाडशी निगडित आहे. पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी ‘एमटीटीएस’ हे उन्हाळी प्रशिक्षण १९९३ पासून सुरू झाले. सिद्धतेची सवय लावण्यास ते फार उपयुक्त आहे.

नोकरीच्या संधी

अध्यापन : शाळेसाठी बी.एड. आणि शिक्षक पात्रता परीक्षा, तर महाविद्यालयासाठी एम.एस्सी.नंतर ‘नेट’ किंवा ‘सेट’ उत्तीर्ण होणे आवश्यक.

विमागणित : विम्याचा हप्ता, निवृत्तिवेतन, जोखीम यांचा हिशेब करणारा तज्ज्ञ म्हणजे ॲक्च्युअरी. बारावीनंतरही या संस्थेची ‘एसेट’ ही प्रवेश परीक्षा देता येते. त्यापुढील परीक्षांची मालिका मोठी असून ती नोकरी करीत पूर्ण करता येते.

शासकीय सेवा : केंद्रीय लोकसेवा आयोग भारतीय सांख्यिकी सेवेची परीक्षा घेतो. त्यासाठी पदवीला संख्याशास्त्र हा एक विषय असावा लागतो किंवा त्यात पदव्युत्तर पदवी लागते. केवळ गणित घेणारे येथे अडतात. कर्मचारी निवड आयोगामार्फत कनिष्ठ सांख्यिकी अधिकारी होण्यासाठी बारावीच्या गणितातील किमान ६० टक्के गुणही चालतात. बारावीच्या गुणांचे मोल असे पुढेही टिकते.

संगणक व विदाविज्ञान : पदवीनंतर एमसीए किंवा विदाविज्ञानाचा अभ्यासक्रम करता येतो. ‘गेट’ परीक्षेत गणित आणि संख्याशास्त्र यांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका आहेत. २०२४ पासून विदाविज्ञान व कृत्रिम बुद्धिमत्ता हा विषयही सुरू झाला.

उद्योग : कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रणासाठी नमुना तपासणी आणि विदेचे विश्लेषण करणारे मनुष्यबळ लागते. खोपोली-खालापूर औद्योगिक पट्ट्यातील विद्यार्थ्यांनी संख्याशास्त्राकडे या दृष्टीनेही पाहावे.

नियोजन महत्त्वाचे

केवळ तीन वर्षांच्या पदवीवर चांगली नोकरी लागेलच, असे नाही. पदव्युत्तर शिक्षण, बी.एड., विमागणित किंवा संगणक यांपैकी एका दुसऱ्या टप्प्याची जोड बहुधा द्यावीच लागते. तो टप्पा कोणता आणि त्याची प्रवेश परीक्षा केव्हा, हे दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस ठरलेले असावे. परीक्षांचे नियम बदलत असल्याने त्या त्या वर्षीची अधिकृत माहितीपुस्तिका पाहूनच अर्ज करावा. पालकांनीही ‘गणित घेऊन काय करणार?’ असे विचारून मुलांना परावृत्त करण्यापूर्वी या वाटांची माहिती करून घेतलेली बरी.