दाढेतली चांदी

पुनावळ्यात महामार्गालगत इमारती उभ्या राहिल्या आणि त्यांच्यासोबत दातांच्या दवाखान्यांच्या पाट्याही आल्या. अशा दवाखान्यात आपली एखादी खाला डॉक्टरांना हळूच विचारते, “दाढेत चांदी भरली तर गुस्ल होईल ना?” प्रश्न साधा, पण या शंकेपायी वाचू शकणारी दाढ उपटून घेणं बरं, असं वाटणारेही आपल्यात आहेत.

खरं तर दात राखण्याची विद्या आपल्याला परकी नाही. दहाव्या शतकाच्या आरंभीचे हकीम अर-राझी किडीची पोकळी तुरटी आणि मस्तकीच्या लगद्यानं भरत. कॉर्डोव्याचे अज-झहरावी (मृत्यू १०१३) यांनी ‘अत-तसरीफ’मध्ये हलणारे दात सोन्याच्या तारेनं बांधण्याची रीत दिली. चांदी काळानं खराब होते, सोनं तसंच राहतं, हे त्यांचं निरीक्षण.

धर्मानंही वाट अडवली नाही. हजरत अर्फजा यांचं नाक लढाईत गेलं. चांदीचं बसवलं, तर त्याला दुर्गंधी येऊ लागली. तेव्हा पैगंबर (स.) यांनी सोन्याचं बसवायला सांगितलं. ही हदीस अबू दाऊद व तिर्मिजी यांच्या संग्रहांत आहे. तिच्याच आधारे अनेक फकीहांनी दातांसाठी सोन्याला मुभा दिली. सहज न निघणारं भरण दाताचाच भाग समजावं, गुस्लला बाधा येत नाही, असं हनफी मुफ्तीही सांगतात.

आपण जिला ‘चांदी’ म्हणतो, तिच्यात जवळजवळ निम्मा पारा असतो. उरलेली चांदी, कथील, तांबं. पाऱ्यात भुकटी कालवली की मऊ गोळा होतो, तो पोकळीत दाबला की घट्ट होतो. १८३३ मध्ये हे भरण अमेरिकेत पोचलं आणि दंतवैद्यांत भांडण जुंपलं. तिथल्या संघटनेनं सभासदांकडून ते न वापरण्याची शपथ घेतली. त्याच वादात ती १८५६ मध्ये मोडली. चांदी मात्र टिकली, कारण ती स्वस्त आणि मजबूत होती. पुढे दाताच्या रंगाचं राळेचं भरण आलं, १९७० च्या दशकात दाताला स्वतःहून चिकटणारं काचमिश्रित सिमेंट आलं. पाऱ्याच्या प्रदूषणामुळे युरोपीय संघानं २०२५ पासून चांदीचं भरण जवळपास बंद केलं.

आपल्या देशात ही विद्या रुजवली डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी. अमेरिकेत शिकून आलेल्या या माणसानं १९२० मध्ये कलकत्त्यात देशातलं पहिलं दंतवैद्यक महाविद्यालय काढलं. आज पुण्यात आझम कॅम्पसमध्ये आपल्या मुली दंतवैद्यक शिकतात, तेव्हा त्याच वाटेवरून चालत असतात.

शरीर ही अल्लाहची अमानत. किडलेली दाढ वेळीच भरून घेणं म्हणजे ती अमानत सांभाळणं. खालाला एवढं उत्तर पुरेसं आहे.