बारा क्लब, सात क्लब आणि दोन नसलेल्या सह्या

मागच्या भागात आपण 11 सप्टेंबर 1803 ची पटपडगंजची लढाई पाहिली. शिंद्यांची कवायती फौज यमुनेकाठी लॉर्ड लेकशी लढली, होळकर बाजूला राहिले. पुढच्या वर्षी होळकर मैदानात उतरले, तेव्हा शिंदे तहात अडकलेले. आज मी फुटबॉलवर बोलणार आहे. काही जण म्हणतील, कर्नलसाहेबांना झालंय काय? पण विषय तोच आहे. एकत्र यायचं ठरतं, मग आधी फुटतो कोण?

आणि मी कोल्हापूरचा. पाटाकडील तालीम विरुद्ध खंडोबा तालीम असा सामना असला की शाहू स्टेडियमवर पाय ठेवायला जागा नसायची. पुढे ऐंशीच्या दशकात दिल्लीत पोस्टिंग मिळालं आणि आंबेडकर स्टेडियमवर ड्युरँड कप पाहायला मिळाला. 1984, 85, 86, सलग तीन वर्षं मोहन बागान जिंकलं. त्यामुळे या क्लबावर मी पुढे टीका करणार आहे ती परक्याची नाही.

आधी युरोप. तिथल्या बड्या क्लबांचं दुखणं साधं होतं. खेळाडू क्लबचा, पगार क्लबचा. देशाकडून खेळायला बोलावलं की तो पाठवावाच लागायचा, आणि मोडून परत आला तर खर्चही क्लबनेच सोसायचा. आमच्याकडे माणूस दुसऱ्या युनिटला अटॅच केला आणि जखमी झाला, तरी त्याचं बघणारं सरकार एकच असतं. इथे तसं नव्हतं. 2000 साली रेआल माद्रिद, बार्सिलोना, मँचेस्टर युनायटेड, बायर्न म्युनिक वगैरे चौदा क्लबांनी ‘जी-14’ नावाचा गट काढला. ब्रसेल्समध्ये कार्यालय थाटलं. पुढे सभासद अठरा झाले, नाव चौदाचंच राहिलं.

त्यांची चाल मला सैनिक म्हणून आवडली. 2004 मध्ये शार्लरुआ या बेल्जियमच्या छोट्या क्लबचा अब्देलमजीद उल्मेर्स मोरोक्कोकडून खेळताना जखमी झाला. क्लबने फिफाला कोर्टात खेचलं आणि जी-14 त्याच्या पाठीशी उभं राहिलं. भांडण छोट्याचं, बळ मोठ्यांचं. 2008 मध्ये तडजोड झाली. विश्वचषकासाठी खेळाडू देणाऱ्या क्लबांना पैसे मिळू लागले, 2010 च्या स्पर्धेसाठी 4 कोटी डॉलर. जी-14 विसर्जित झालं आणि छोट्यांनाही जागा असलेली युरोपियन क्लब असोसिएशन उभी राहिली.

हाव मात्र सुटली नाही. 18 एप्रिल 2021 ला बारा क्लबांनी ‘सुपर लीग’ जाहीर केली. पंधरा संस्थापकांना कायमची जागा, हरले तरी. म्हणजे जहागीरच. दोनच दिवसांत चेल्सीचे स्वतःचे पाठीराखे स्टेडियमबाहेर रस्त्यावर उतरले आणि सहाही इंग्लिश क्लब बाहेर पडले.

आता आपल्याकडे. 9 डिसेंबर 2010 ला भारतीय फुटबॉल महासंघाने आयएमजी-रिलायन्सशी करार केला. पंधरा वर्षं, 700 कोटी रुपये, देशातल्या फुटबॉलचे व्यापारी हक्क. करारात क्लब कुठे होते? कुठेच नव्हते. आणि क्लब काही लेचेपेचे नव्हते. 2006-07 पासून 2012-13 पर्यंत सलग सात वर्षं राष्ट्रीय विजेतेपद एकट्या गोव्यात राहिलं, चार वेळा धेंपो, दोनदा चर्चिल ब्रदर्स, एकदा साळगावकर. पणजी-मडगावच्या पोरांसाठी ही नोकरी होती आणि इज्जतही.

2013 च्या पावसाळ्यात आय-लीगच्या क्लबांनी एकजूट केली. नव्या लीगला खेळाडू देणार नाही, तिच्याशी करार केलेल्याला संघात घेणार नाही. जानेवारी 2014 मध्ये व्हायची ती स्पर्धा ऑक्टोबरवर गेली. एवढंच यश. कारण इंडियन सुपर लीग सुरू झाली तेव्हा एफसी गोवाच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर याच घराण्यांतली माणसं बसली होती! मी त्यांना दोष देत नाही, व्यापारी माणूस दोन्ही दारं उघडी ठेवतो. पण ज्या किल्लेदाराचा एक पाय शत्रूच्या छावणीत आहे, त्याच्या भरवशावर वेढा झेलता येत नाही.

2015 मध्ये पुणे एफसी थांबलं. भारत एफसी तर पुण्यात एकच हंगाम जगलं. 2016 मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा यांनी आय-लीग सोडली, मागोमाग धेंपोनेही.

दुसरी फळी 2019 मध्ये उभी राहिली. मिनर्व्हा पंजाबचे रणजित बजाज पुढे होते. ऐझॉल, चर्चिल, गोकुलम, नेरोका, ईस्ट बंगाल आणि मोहन बागान धरून सात क्लबांनी सुपर कपवर बहिष्कार टाकला. दंड झाला. जुलैत सहा क्लबांनी थेट पंतप्रधानांना पत्र लिहिलं. ऑक्टोबरात आशियाई महासंघाने सुपर लीगला देशातली पहिली लीग मानलं. पुढच्या जानेवारीत मोहन बागानने सुपर लीगमधल्या एटीकेशी हातमिळवणी केली, सप्टेंबरमध्ये ईस्ट बंगालही आत गेलं. ज्यांच्यासाठी कोलकात्यात एकेकाळी लाखभर माणसं जमायची, तेच दोघे गेले. मागे राहिलेल्या ऐझॉल-नेरोकाचं कोण ऐकणार?

युरोपात बडे एकत्र आले आणि त्यांनी छोट्याचा खटला लढवला, म्हणून समोरच्याला नमावं लागलं. इथे छोट्यांनी बड्यांच्या खांद्यावर बंदूक ठेवली आणि बडे खांदा काढून चालते झाले. तरी एक गोष्ट हाती लागली असं मला वाटतं. आय-लीग जिंकणाऱ्याला वरच्या लीगचं दार उघडलं. 2023 मध्ये त्या दारातून पहिला आत गेला तो पंजाब एफसी, म्हणजे नाव आणि मालक बदललेलं तेच मिनर्व्हा. कोल्हापूरच्या एखाद्या क्लबाला उद्या वर जायचं असेल तर पैशाखेरीजचा रस्ता एवढाच आहे.

मी द्वारकेत राहतो. सकाळी फिरायला जातो तेव्हा सेक्टर 19 मधलं फुटबॉल हाऊस वाटेत लागतं. तो पंधरा वर्षांचा करार डिसेंबर 2025 मध्ये संपायचा होता. नवा ठरेना, म्हणून जुलैत आयोजकांनी सुपर लीगच थांबवून ठेवली. ऑगस्टमध्ये सुपर लीगच्या क्लबांनी या इमारतीत पत्र पाठवलं, काही केलं नाही तर टाळं लावावं लागेल. ज्यांनी पूर्वी दुसऱ्यांची गाऱ्हाणी ऐकली नव्हती, त्यांच्यावरच गाऱ्हाणं घेऊन यायची पाळी आली होती. पत्रावर अकरा क्लबांच्या सह्या होत्या. मोहन बागान आणि ईस्ट बंगालच्या नव्हत्या.

पुढच्या भागात पुन्हा 1804, कर्नल मॉन्सनची माघार. तोवर जय हिंद.